अ पिशवी, ब पिशवी

"अ कशी आहे?" बाबांनी दवाखान्यातून फोनवर विचारलं.

"पांढरीशुभ्र," मुलगी म्हणाली.

हातातल्या अ पिशवीत पाण्याचे थेंब जमले होते. आतली मशरूम चहा सांडलेल्या कापडासारखी डागाळली होती.

"आणि ब?"

ब मधली मशरूम आत्ताच तोडल्यासारखी टवटवीत होती. "ब कामातून गेली, बाबा. तपकिरी पडलीत."

 चाचणीचा चौथा दिवस होता.

ती लहान असताना बाबा तिला वाफ्याच्या कडेला बसवून समजावत. "तोडलं म्हणजे मशरूम मेलं असं नाही. ते श्वास घेतच राहतं. तोंड घट्ट बांधलं तर स्वतःच्याच घामात भिजून कुजतं. उघडं ठेवलं तर सुकून जातं. मग काय करायचं?"

"थोडंसं उघडायचं!"

"शाब्बास. थोडंसं म्हणजे किती?"

त्या 'किती'पायी बाबांची वीस वर्षं गेली. शेवटी त्यांनी डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक भोकांची पिशवी तयार केली. आता ती सगळ्यांनी वापरायची की बाजारची साधी पिशवीच चालू ठेवायची, हे मशरूम पिकवणाऱ्यांचा संघ बाराव्या दिवशी ठरवणार होता. बाबा सांगतील ते मान्य, असं चिटणिसांनी आधीच कळवलं होतं. बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

म्हणून ही चाचणी: एकाच दिवशी तोडलेली मशरूम, एक पिशवी बाजारची, एक बाबांची. दिसायला दोघी जुळ्या. कोणती कुठली ते बाबांनी तिला सांगितलं नाही. "बघणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की डोळे पक्षपात करतात."

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "अ ला जप हं, पोरी. शीतखोलीतून उगीच बाहेर काढू नकोस."

वीस वर्षांच्या कष्टाला माणूस असंच जपायला सांगतो. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही.

"मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका," डॉक्टर म्हणाले होते. म्हणून चौथ्या दिवशी अ काळवंडायला लागली तेव्हा तिने फोनवर सांगताना अदलाबदल केली. जे अ चं ते ब ला लावलं, जे ब चं ते अ ला. आयुष्यात बाबांशी ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती. फोन ठेवल्यावर तिने नळाखाली चूळ भरली.

सहाव्या दिवशी बाबा म्हणाले, "ब जरा उजेडात नेऊन बघ बरं."

"बघितली."

"बोटाने दाबून बघ. चिकट लागतात का?"

"लागतात. आणि बाबा, केवढी ती ब ची काळजी! सख्ख्या लेकीची तब्येत कधी इतकी विचारली नाहीत."

ते हसले. बारीक, कोरडं हसू. "तुला काय धाड भरलीय?"

नवव्या दिवशी अ मधून आंबूस वास यायला लागला. ब तशीच पांढरी. मुलगी तिच्याकडे सवतीकडे बघावं तशी बघायची. एकदा तर ती पिशवी उचलून उकिरड्यावर फेकावी असं तिच्या मनात आलं. पण फेकली नाही. लबाडी जिभेने केली तेवढी पुरे.

बाराव्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात गेली. दारातच चिटणीस भेटले. त्यांनी मान खाली घातली आणि जिना उतरून गेले.

बाबा उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरला होता, पण शांत होता.

"सांगून टाकलं त्यांना," ते म्हणाले. "म्हटलं, बाजारचीच पिशवी चालू ठेवा. माझ्या वह्याही रद्दीत घाला, उगीच दुसऱ्या कुणाची वीस वर्षं जायला नकोत."

"अहो, पण का? अ जिंकली ना!"

"जिंकली ना." त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "रोज फोन ठेवला की वाटायचं, दुसरं कुणी असतं तर आजारी माणसाचं मन राखायला खोटं बोललं असतं. तू नाही बोललीस. फार बरं वाटलं. अ ला जप म्हटलं होतं, ते बाजारच्या पिशवीवर अन्याय होऊ नये म्हणून. ब माझी होती, पोरी."