फेट्याचा पुरावा

लग्नाच्या शूटिंगची हार्डडिस्क घेऊन चाकूरचे लक्ष्मणराव माझ्या कंप्युटरच्या दुकानात आले. मागं त्यांचे हदगावचे व्याही हणमंतराव, तोंड फुगवून. मांडवात आपल्याला मानाचा फेटाच बांधला न्हाई म्हणून त्यांनी सून अयोध्याला माहेरी धाडलं होतं.

"फेटेवाल्याला मी सोता सांगितलं होतं! भाऊ, लाव डिस्क, दाव ह्यांना," लक्ष्मणराव म्हणले.

मी काउंटरमागं बसून डिस्क लावली; पडद्याचं तोंड माझ्याकडं. "माझ्याकडं विंडोज न्हाई, लिनक्स हाय काका. डिस्क वळखूनच न्हाई राहिलं." वायर बदलली, दुसऱ्या पोर्टात घातली, काळ्या पडद्यावर कमांडी मारल्या. "डिस्क लावलीच न्हाई म्हणतंय."

"आरं, लावली की डोळ्यादेखत!" लक्ष्मणराव काउंटरवर वाकले. "भाऊ, पाया पडतो तुझ्या लिनक्सच्या. लेकीचा संसार हाय रे त्याच्यात."

आन् ते खरंच काउंटरपल्याडून कंप्युटरला हात जोडून उभे राहिले. ते बघून हणमंतरावच वरमले.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं. एवढं छातीठोक म्हणताव म्हंजी बांधलाच असंल, माझ्याच ध्यानात न्हाई. उद्या येतो सूनबाईला न्यायला."

दोघं एकमेकाच्या खांद्यावर हात टाकून च्या प्यायला गेले.



डिस्क पहिल्या झटक्यालाच उघडली होती: हणमंतराव बोडक्या डोक्यानं उभे, आन् त्यांचा मानाचा फेटा बांधून त्यांचाच ड्रायव्हर मिशीला पीळ देऊन राहिला होता.