दोन पानं

"रोज दोन पानं वाढ, आई. आधी पाणी, मग भात. मगच तू जेव," वैजनाथ म्हणाला होता.

वर्ष झालं, लंकाबाईनं एक दिवस चुकवला नव्हता. पत्र्यावर दोन पत्रावळी ठेवायच्या, हात जोडायचे, आणि दिवसातून एकदाच जेवायचं.

आज कावळ्यांच्या आधी गाडी आली. नगरहून रोहिणी वकीलबाई. मागोमाग शेजारची राहीबाई आलीच.

"एक पान लेकाचं," राहीबाईनं परस्पर सांगून टाकलं. "दुसरं कुणाचं, देव जाणे. वर कडब्याच्या खोलीत भाकरी झाकून ठिवती. गेलेल्याला गरमच लागती व्हय गं, लंके?"

"तुला घरी कामं न्हाईत का?" लंकाबाई हळूच म्हणाली.

रोहिणीनं फाईल उघडली. "मावशी, वैजनाथ परदेशात जहाजावर कामाला गेला होता ना, तिथल्या समुद्रात बेपत्ता झालेल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. परदेशी युद्धनौकेनं मासेमारीची बोट उडवली. दोघं फळीला धरून तरंगत होते. वीस मिनिटांनी त्यांच्यावर पुन्हा मारा केला."

"असं चालतं व्हय, बाई?"

"नाही. बुडणाऱ्याला वर काढायचं असतं. वरून हुकूम आला तरी मारता येत नाही. पण ते म्हणतात, पाण्यात कुणी जिवंत नव्हतंच. डोळ्यांनी पाहिलेला माणूस आमच्याकडे नाही. निदान वैजनाथ त्या बोटीवर होता, एवढ्यावर तुम्ही सही करा."

लंकाबाईनं कागदाकडं पाहिलं. एवढी एक सही, की वैजनाथला पुन्हा कुणी शोधणार नव्हतं.

तिनं हात पदराखाली घेतला. "न्हाई व्हायची माझ्यानं."

"तो गेला, हे मान्य करवत नाही ना?" रोहिणीचा आवाज मऊ झाला.

"त्या दोघांच्या आया हायेत?"

"आहेत. अजून दाराकडं डोळे लावून बसल्यात."

लंकाबाई उठली. कडब्याच्या खोलीपाशी जाऊन तिनं दारावर बोटं टेकली.

"त्यांचं इचारायला कुणीतरी आलंय, बाळा. कुणी इचारलं तर खरं सांगीन, असा शब्द दिलाय तू मला."

कडी निघाली. दाढी वाढलेला वैजनाथ उन्हात डोळे बारीक करत उभा राहिला. राहीबाईनं तोंडावर पदर घेतला.

"बाई, मी बोटीवर नव्हतो, त्या युद्धनौकेवर हुतो. फळीवरचे ते दोघं हात हलवत हुते," तो म्हणाला. "मला पडद्यावर दिसलं. तरी दुसऱ्यांदा बटन मीच दाबलं."

त्यानं आईच्या पायाला हात लावला, चपला घातल्या आणि गाडीकडं चालू लागला.