वर केलेला हात

शेवंती वारली तरी काजूच्या कारखान्यात तिचे हात काजू सोलत होते. शेवटच्या वर्षी कंपनीने तिला तारांचे हातमोजे घालायला लावून तिच्या बोटांची चाल यंत्राला शिकवली होती.

मुकादम परबांनी तिच्या मुलीला, वृंदाला, मुद्दाम बोलावलं.

"बघ गो, हे यंत्र मध्येच काम सोडून हात वर करतं. इंजिनियर थकले. आईची काही सवय होती काय?"

यंत्राचा हात वर गेला, थोडा वेळ थांबला आणि पुन्हा काजू सोलू लागला.

वृंदाने ती खूण ओळखली. कायद्याने बायकांना लघवीला जायची मुभा होती. इथे मुकादमाचं लक्ष जाईपर्यंत हात वर धरून बसावं लागे. आईची मूत्रपिंडं त्यातच गेली. तिने हे सांगितलं तेही डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर.

"परबकाका, ती जाऊन येऊ का विचारतेय."

परब म्हणाले, "तेवढं पुसून टाकायला सांगतो."

"पुसा. पण आधी तिला एकदा जाऊ द्या."

हात पुन्हा वर गेला. परबांनी आजूबाजूला पाहिलं, "जा गो शेवंती," असं पुटपुटले आणि बटण बंद केलं.

हात वरच राहिला. वृंदाने तो धरून हळूच खाली आणला.