उष्टी गोळी

खोटं बोलत असेन तर माझे उरलेले दोन दात पडोत. हॅलिफॅक्सच्या इस्पितळात संगणक प्रत्येक रोग्याचं वजन, ठोके पाहून त्याच्यापुरती गोळी आखतो आणि माझं यंत्र ती छापतं.

सात वर्षांच्या मोरागची गोळी मात्र पहिल्या दोन्ही वेळा चावलेली निघाली. पडद्यावर अख्खी, हातात उष्टी.

“अर्ध्या औषधावर तिचं हृदय चालायचं नाही, काका,” तिची आई म्हणाली. “अख्खी मिळेपर्यंत मी हलत नाही.”

“मग मी तरी कुठे हलतोय!” यंत्रावर डोळे रोखून मी तिसरी छापली. अख्खी निघाली. लगेच मोरागच्या मुठीत दिली.

“चावून खा हं,” मी म्हणालो.

कुरुम, कुरुम. आईने सुटकेचा निःश्वास टाकला.

“आजोबा, मी अजून तोंडात टाकलीच नाही,” म्हणत मोरागने मूठ उघडली.

गोळी निम्मी उरली होती. आमच्यादेखत आणखी एक घास गेला.