वाळलेली साल

सखाबाईचा मनगटाजवळ मोडलेला हात रंभाबाईने मांडीवर घेतला होता. हाड बसवून झालं होतं. बांबूच्या कामट्या तयार होत्या. वाट होती ती फक्त सालीची.

मोडल्या हाडावर अर्जुनाच्या सालीचा लेप, ही करडी गावातली रीत. साल त्याच दिवशी काढलेली हवी आणि ती घरच्या पुरुषानेच आणायची. रंभाबाईचा लेप लागला की दोन महिन्यांत हात पुन्हा कामाला तयार. दोन वर्षांत सखाबाईची ही तिसरी खेप. दर वेळी ती कुठेतरी पडलेली असायची आणि दर वेळी तिचा नवरा श्यामलाल नाल्यावर धावत जाऊन साल आणायचा. बाया म्हणत, नवरा असावा तर असा. रंभाबाईही म्हणायची.

आज तो फारच लवकर आला. "घ्या काकी. बांधा झटपट. भाताची रोपं लावाची राहिली, रोवना खोळंबला."

रंभाबाईने साल पाट्यावर घेतली. तुकडा काडकन मोडला. आत ओल नाही, लाली नाही.

"ही आजची नाही. आठ दिवस तरी झाले हिले काढून."

"हो, काढूनच ठेवली होती," श्यामलाल मोठ्या शहाणपणाने म्हणाला. "रोवन्याच्या घाईत कोन धावन नाल्यावर?"

रंभाबाईचा हात थांबला. हाड तर काल मोडलं होतं.

सखाबाई जमिनीकडे बघत होती. रंभाबाईला आधी स्वतःच्या बोटांचाच राग आला. हाडं जुळवल्याबद्दल गावाची शाबासकी तिनेही कशी मिटक्या मारत खाल्ली होती! मग तिने ती साल उचलली आणि अंगणात भिरकावली.

"हे काय करून राहिल्या, काकी? लेप?"

"माह्या लेपानं जुळते, म्हनून तुले मोडाचं भेव नाही वाटत, मुडद्या!"

तिने नुसत्याच कामट्या बांधल्या. लुगड्याची चिंधी फाडून हात गळ्यात अडकवला. "ऊठ माय. एस.टी.ची वेळ झाली."

श्यामलाल दारात आडवा झाला. "कुठं नेता तिले?"

"भंडाऱ्याले, सरकारी दवाखान्यात. तिथं साल नाही मागत. हात कोनं मोडला, ते विचारतेत. आन् लिहून घेतेत."