सनई आणि बासरी

पलीकडच्या खोलीत बासरी रडू लागली, तसे त्र्यंबकराव हातातला चहा ठेवून दाराशी गेले. मुलाच्या लॅपटॉपवर त्यांचेच फोटो सरकत होते.

"कुणाची शोकसभा रे?"

मुलगा दचकला. "काहीतरीच काय बाबा! रविवारी तुमचं सहस्रचंद्रदर्शन ना, त्याचा स्लाइड शो आहे." लगबगीने त्याने सनई लावली.

त्र्यंबकरावांना काही हे पटेना. सनईच लावायची होती, तर पोरगं दचकलं कशाला? त्यांनी चष्मा चढवला. पडद्यावर दोन फाइली होत्या, 'बाबा रविवार' आणि 'बाबा नंतर'.

"नंतरची लाव," म्हणत ते खुर्चीत बसले. मुलाने मान खाली घालून लावली. बासरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"सूर बरा आहे. शेवटी मात्र मला एकट्याला ठेवू नकोस. तुझ्या आईबरोबरचा फोटो घाल."