घेवड्याचं नाव

डोंगर ओलांडून आमच्या केंटकीच्या खोऱ्यात पहिलं खोपटं बांधलं ते एनॉक प्रॅटरनं. दर ऑगस्टला त्याचे वंशज चर्चच्या अंगणात एकत्र जेवतात. यंदा वर्डी मावशी मला ओढत तिथं घेऊन गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “आम्ही एनॉकच्या धाकट्या लेकीच्या वंशातले.” वंशावळ सांभाळणारा क्लेटस फिसकन हसला. “एनॉकला सगळे मुलगेच होते, बाई. लेकीचा एखादा कागद आहे?” “कचेरीबरोबर जळाला,” मावशी म्हणाली. “सगळ्यांचे कागद त्याच आगीत कसे हो जळतात?” मंडळी खो खो हसली. मावशीनं खिशातून मूठभर घेवड्याचं बी काढून टेबलावर ओतलं. पांढरंशुभ्र, डोळ्यापाशी तांबडा ठिपका. हसणं थांबलं. हे बी प्रॅटर घराण्याबाहेर कुणाला देत नाहीत. सासरी निघालेल्या लेकीच्या रुमालात तेवढं आई बांधून देते. “चोरलं असेल कुणीतरी,” क्लेटस पुटपुटला. त्यावर त्याची म्हातारी आत्या काठी आपटत उठली. “बी चोरता येईल रे. पण ते देताना आई लेकीच्या कानात त्याचं नाव सांगते. ते तुम्हा बाप्यांना ठाऊकच नाही. सांग गं पोरी, काय म्हणतात याला?” मावशीनं साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगितलं, “रडू नको.” आत्याचे डोळे तरीही वाहू लागले. “ऊठ क्लेटस,” ती खेकसली, “लेक माहेरी आलीय. खुर्ची दे तिला.”